विकायचं घर रंगवताना : डोंबिवलीतल्या जुन्या वन बीएचकेच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

डोंबिवली पूर्वेला १९८९ची चार मजली इमारत, लिफ्ट नाही. घर दुसऱ्या मजल्यावर, कार्पेट ४१० चौरस फूट. आई आता ठाण्याला माझ्याकडे असते, त्यामुळे दिवाळीपासून घर बंदच आहे. पाडव्याच्या आत ते दाखवण्याजोगं करायचंय. पाडवा ३० मार्चला, पण त्याआधी १३ मार्चला होळी, आणि होळीला रंगकामाची बहुतेक पोरं गावी जातात ती लवकर परतत नाहीत. म्हणजे खरी मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्याची. घर विकायला काढणाऱ्याने हे गणित आधी मांडावं. दसरा-दिवाळीच्या तोंडावर तर पेंटर हाताला लागत नाही, आणि लागला तर भाव चढा.

जानेवारीत एजंट एक पार्टी घेऊन आला होता. हॉलमधली नारंगी भिंत आणि बेडरूमचा पोपटी रंग बघून ते नुसते हसले. बेडरूमच्या कोपऱ्यात फुगलेला, पोपडे सुटलेला पट्टा दिसला तेव्हा मात्र हसणं थांबलं. ते खाली उतरतात न उतरतात तोच एजंटचा फोन : "ताई, तीन लाख कमी म्हणतायत." पोपटी रंगापायी कोणी तीन लाख तोडत नाही, ओलीपायी तोडतात. म्हणून आधी ओल, मग रंग. दादा पुण्याहून म्हणतोय, "आहे तसं विकून टाकू, घेणारा सगळं तोडतोच." अर्धं खरं आहे त्याचं.

९ फेब्रुवारी

ओलीचा पट्टा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, जमिनीपासून कमरेपर्यंत. फेब्रुवारीत ओल आहे म्हणजे पावसाची नव्हे. वरच्यांची म्हणावी तर आमचं छत कोरडं. घर बंद, बाथरूम कोणी वापरत नाही, म्हणजे सांडपाण्याची लाइन नाही आणि लाद्यांच्या सांध्यांतून झिरपणंही नाही. उरली ती कायम भरलेली नळाची लाइन. भिंतीतला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप पस्तीसएक वर्षांचा, एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, गंजला असणार.

गेल्या आठवड्यात जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करून ठेवला. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला थेंब, बाहेरून कोरडा, म्हणजे पाणी भिंतीतूनच येतंय. मग गच्चीवर जाऊन आमच्या लाइनचा कॉक बंद केला. चारेक दिवसांत पट्ट्याची वरची कड फिकी पडायला लागली. निदान पक्कं.

सोसायटीकडे जाण्यात अर्थ नव्हता. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीच्या खर्चाने, घरातल्या स्वतःच्या लाइनची सभासदाच्या खर्चाने, असं सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) आहेच.

११ फेब्रुवारी

तीन पेंटर येऊन गेले. पहिल्याने दारातूनच "अठरा हजारांत करून देतो, मटेरियलसकट" म्हटलं. टेप काढलीच नाही. खरवडणार का विचारलं तर म्हणाला, "विकायचंय ना? वरून दोन हात मारू, सहा महिने कुठे जात नाही." दुसऱ्याने ४५,००० सांगितले, त्यात हॉलच्या एका भिंतीला टेक्स्चर. तिसरे काका कोकणातले, सावकाश बोलणारे. त्यांनी आधी भिंतीवर ओला हात फिरवला आणि तळवा मला दाखवला : पोपटी पांढुरकी भुकटी. वरचा रंग कुठे इमल्शन (पाण्यात कालवायचा प्लॅस्टिक पेंट), कुठे विरून गेलेला, आणि त्याच्याखाली डिस्टेंपर, म्हणजे खडूसारखा स्वस्त रंग. डिस्टेंपरवर नवा रंग किंवा लांबी (भिंत सपाट करणारी पुट्टी) चढवली तर ती भिंतीला धरत नाही, त्या भुकटीला धरते, आणि भुकटीसकट खाली येते.

काकांशी फक्त मजुरी ठरवली, १३ रुपये चौरस फूट, मटेरियल आम्ही आणायचं. मोजून छतासकट १,५०० चौरस फूट भरले. (कार्पेटला साडेतीनने गुणलं की साधारण अंदाज येतो, आमच्या घराला तो जवळपास बरोबर बसला.) दारं-खिडक्या मोजमापातून वजा करायच्या की नाही, हे आधी बोलून घ्या. आमच्याकडे ठरलं की वजा करायच्या नाहीत, पण त्याच पैशात चौकटी आणि ग्रील रंगवून द्यायच्या. तोंडी ठरलं तरी एका कागदावर लिहून दोघांनी फोटो काढून ठेवला.

१५ फेब्रुवारी

प्लंबर आला. तो बाथरूमच्या बाजूने लाद्या फोडायला निघाला होता. तशा फिक्या निळ्या लाद्या आता कुठे मिळणार? एका ओळीला वेगळी लादी लागली की बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. म्हणून बेडरूमच्या बाजूने फोडायला लावलं. तिथलं प्लास्टर असंही सुटलेलंच होतं आणि पुढे रंग येणारच होता. चार इंची भिंत, हातभर लांब उकरल्यावर पाइप सापडला. एल्बोच्या पोटाशी गंजाचा जाड थर, आणि एका जागी सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पाणी. एवढ्याशा भोकाने चार बाय तीन फुटांची भिंत खाल्ली होती.

तेवढा भाग काढून सीपीव्हीसी (न गंजणारा प्लॅस्टिकचा पाइप) टाकला. लाइन उघडून रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी जोड कोरडे बघूनच गवंड्याला प्लास्टर करू दिलं. तो घाई करत होता. पाइप उघडा असताना आणि जोडल्यावर असे दोन्ही फोटो, हातात टेप धरून, काढून ठेवले. पुढे ते फार कामाला आले.

प्लंबर, गवंडी आणि सामान मिळून ६,८०० रुपये.

आता अडचण ही की नवं प्लास्टर आठवडाभर पाणी मारून भिजवायचं आणि मग पुरतं सुकू द्यायचं. सिमेंटच्या कामाला २८ दिवस धरतात. म्हणजे होळीच्या आधी तो तुकडा रंगवता येत नाही. काकांनी स्पष्ट सांगितलं, "आता मारला तर फोड येणार. मला बोलावू नका मग."

१६ फेब्रुवारी

खरवडणं सुरू. लोखंडी पत्तीखाली पोपटी, त्याच्याखाली गुलाबी डिस्टेंपर, त्याच्याखाली निळसर चुना. कपाटामागे पोपटी पोचलाच नव्हता, तिथे गुलाबीच. बाबांनी दोनदा रंग लावून घेतला, आणि दुसऱ्या वेळी पेंटरने कपाट सरकवलंच नाही.

धूळ इतकी की शेजारच्या काकूंनी दार वाजवून दाराच्या फटीला ओलं फडकं लावायला सांगितलं. आधीच लावायला हवं होतं. घर रिकामं करताना माळ्यावरचं सामान "नंतर बघू" म्हणून ठेवू नका. पेंटरला छत करताना माळा रिकामा लागतोच. आमचा अर्धा दिवस त्यात गेला, पोरं बसून राहिली.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, म्हणून मी दिवसभर थांबले. आज खिडक्यांच्या चौकटी. पोरगा कोरड्या पॉलिश पेपरने घासायला लागला, त्याला थांबवलं. भारतात घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटची खात्री नाही, आणि या चौकटींवरचे खालचे थर तर १९८९चे. कोरडं घासलं की तीच भुकटी नाकातोंडात. म्हणून वॉटर पेपर, बादलीत पाणी, ओलं घासायचं, चिखल फडक्याने पुसून पिशवीत. वेळ दुप्पट लागतो आणि पोरगा कुरकुरला, म्हणून चौकटींची घासणी रोजावर धरून १,००० रुपये वेगळे दिले. त्या दिवसांत दादाच्या मुलाला घरात आणू दिलं नाही.

२२ फेब्रुवारी

लांबीचा पहिला हात. व्हाइट सिमेंटची पुट्टी, ४० किलोच्या दोन गोण्या. लांबी एकदाच कालवून ठेवायची नाही, दोन-तीन तासांत घट्ट होते आणि मग पोरं पाणी घालून पुन्हा ढवळतात. अशी पुन्हा ढवळलेली लांबी बोटाने घासली तरी सुटते. घमेलं छोटं ठेवा, आपोआप प्रश्न मिटतो.

खिळ्यांची भोकं एका हातात भरत नाहीत, सुकल्यावर खळगा पडतो. कॅलेंडरं, देवांच्या तसबिरी, पंख्याची जुनी वायर असे आमच्या हॉलला खिळेच खिळे. पहिला हात सुकल्यावर बल्ब भिंतीला टेकवून तिरपा प्रकाश टाकला आणि खळग्यांना पेन्सिलीने गोल केले. काका हसले, पण त्यांनी ते सगळे गोल भरले.

रंगाची निवड. एजंटचं म्हणणं, पांढरा सोडून काही नको. काकांचं म्हणणं, पांढरा डाग दाखवतो, मलईकडे झुकणारा घ्या. कार्डावर आवडलेल्या दोन छटांचे २०० मिलीचे नमुने आणून वहीच्या पानाएवढे चौकोन भिंतीवर मारले. मलईवाला दुपारी हॉलमध्ये चक्क गुलाबी दिसला! कारण समोरची इमारत दहा-बारा फुटांवर आणि तिचा रंग विटकरी. आमच्या हॉलमध्ये येणारा उजेड तिच्यावरून परतून येतो. तोच चौकोन बेडरूममध्ये नीट दिसत होता. शेवटी जरा करड्याकडे झुकणारा ऑफ-व्हाइट घेतला, सगळ्या घराला एकच. कार्डावर मरगळलेला वाटला होता, हॉलमध्ये स्वच्छ पांढरा वाटतो. जुनी पिवळी ट्यूब काढून सगळीकडे एकाच पांढऱ्या उजेडाचे एलईडी लावले. खरेदीदार नोकरीवरून संध्याकाळी सातला येतात, त्यामुळे छटा दिव्याखाली बघणं दिवसाइतकंच महत्त्वाचं.

एकच छटा घेतल्याचा दुसरा फायदा म्हणजे उरलेला रंग वाया जात नाही आणि छोटं घर तुकड्यातुकड्यांत दिसत नाही.

२६ फेब्रुवारी

देवघराची भिंत. समई आणि उदबत्तीची काजळी छतापर्यंत चढलेली, खाली काळी आणि वर जाताना तपकिरी होत गेलेली. आईने वर्षानुवर्षं पुसायचा प्रयत्न केल्याने तेलकट झालेली. प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात) मारला, तासाभरात तपकिरी डाग वर आला. पाण्याच्या रंगातून काजळी आणि तेल वर येतातच, कितीही हात मारा. काकांनी ती जागा साबणाच्या पाण्याने धुतली, सुकवली, आणि तेवढ्यापुरता टर्पेंटाइनचा ऑइल प्रायमर पातळ करून मारला. रात्रभर सुकल्यावर वरून नेहमीचा. डाग पुन्हा वर आला नाही.

आई विचारत होती, देवघर काढून टाकलंत का. भिंत आहे, देव ठाण्याला.

१ मार्च

स्वयंपाकघर. ओट्याच्या वरच्या लाद्या संपतात तिथून छतापर्यंत जुना ऑइल पेंट, त्यावर फोडणीचा चिकट थर. इथे गडबड झाली. काका दुसऱ्या साइटवर गेले होते आणि पोरांनी नुसतं ओल्या फडक्याने पुसून थेट इमल्शन मारलं. सकाळी दिसायला छान.

२ मार्च

चिकटपट्टी दाबून ओढली आणि वीतभर रंग पट्टीबरोबर निघून आला, खालचा जुना ऑइल पेंट चकचकीत जसाच्या तसा. ही परीक्षा प्रत्येकाने करावी, दोन मिनिटांचं काम. चकचकीत पृष्ठभागाला रंगाची पकड बसत नाही, आणि मध्ये तेल असेल तर विचारायलाच नको. काकांना बोलावलं. त्यांनी पोरांना माझ्यासमोर काही सुनावलं नाही, बाहेर जिन्यात नेऊन सुनावलं.

मारलेला रंग खरवडून काढला. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून भिंत दोनदा धुतली. दुसऱ्या पाण्यालाही चहाचा रंग आला. मग साध्या पाण्याने. सुकल्यावर चमक जाईपर्यंत घासलं, ऑइल प्रायमर, मग इमल्शन. त्यात गेलेली मजुरी काकांनी अर्धी सोसतो म्हटलं. मी पूर्ण दिली, कारण मटेरियल सांगताना स्वयंपाकघरासाठी वेगळा प्रायमर आणायचा हे यादीत त्यांनी लिहिलं होतं आणि तो आणला गेला नव्हता. १,१०० मजुरी, ४५० प्रायमर.

५ मार्च

दारांना ऑइल पेंट. संध्याकाळी दिवा लावून दुसरा हात मारला आणि खिडक्या उघड्या ठेवल्या, वास जावा म्हणून. सकाळी आतल्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागात चिलटं आणि दोन डास पाय वर करून कायमचे चिकटलेले. डोंबिवलीत संध्याकाळी दिव्याखाली ओला ऑइल पेंट ठेवणं म्हणजे आमंत्रण आहे. ओढून काढायला गेलं तर रंग फाटतो. पूर्ण सुकू द्यावं, बारीक पेपरने घासावं, आणि तिसरा हात सकाळी नऊला मारावा, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची साय धरते. तसंच केलं.

९ मार्च

काम थांबलं. पोरांची गाडी उद्याची. बेडरूमचा तो चार बाय तीनचा तुकडा सोडून सगळं पूर्ण.

हिशेब : मटेरियल (पुट्टी, प्रायमर, इमल्शन २० लिटर, छताचा पांढरा १० लिटर, ऑइल पेंट, टर्पेंटाइन, पेपर, टेप) ११,४००. रंगाची मजुरी १९,५००. चौकटींची घासणी १,०००. पाइप आणि प्लास्टर ६,८००. स्वयंपाकघर दुसऱ्यांदा १,५५०. माळ्याचं भंगार खाली नेणं आणि फरशीची सफाई २,६००. एकूण ४२,८५०. सीए म्हणाला, हा खर्च घराच्या 'सुधारणे'त धरून भांडवली नफ्यातून वजा करायला बघू नका, रंग म्हणजे देखभाल. बिलं तरी ठेवली आहेत.

जे केलं नाही : टेक्स्चर, फॉल्स सीलिंग, ओट्याखाली ट्रॉल्या. एजंट तिन्हींसाठी मागे लागला होता. पस्तीस वर्षांच्या इमारतीतलं वन बीएचके घेणारा माणूस ट्रॉल्यांचे पैसे देत नाही; तो स्वतःच्या आवडीच्या बसवतो आणि आमच्या फेकतो.

१६ मार्च

बंद घरात ऑइल पेंटचा वास अजून आहे. रोज कोणी तरी जाऊन खिडक्या उघडतंय, आज मी.

तुकड्यावरून एजंटशी वाद. त्याचं म्हणणं, "ताई, एक हात मारून टाका, फोटोत काळं दिसतं. पार्टीला सांगायचं कशाला, पाइप तर बदललाय." दिवस २८ भरले आहेत, पण प्लॅस्टिक लावलं तर आत हलका दमटपणा अजून आहे. त्या जुन्या विटा आतून महिनोन्महिने पाणी प्यायल्यात, त्यांना कॅलेंडर कळत नाही. वकिलांनाही विचारलं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम ५५प्रमाणे मालमत्तेतला मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साध्या नजरेला तो सापडण्याजोगा नाही, तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. आमची ओल दुरुस्त झालेली आहे, तरी भिंत सुकलेली नसताना वर रंग फासून गप्प बसणं मला पटलं नाही. शिवाय जूनमध्ये फोड आला की फोन मलाच येणार.

तुकडा उघडाच ठेवला. शेजारी ए-फोर कागदावर पाइपचे आधीचे आणि नंतरचे फोटो आणि प्लंबरच्या बिलाची प्रत चिकटवली. एजंट म्हणाला, दुकान मांडलंय का.

२३ मार्च

शनिवार-रविवार मिळून चार पार्ट्या. निरीक्षणं :

हॉलच्या रंगाबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही, म्हणजे रंगाने आपलं काम केलं. जानेवारीतल्या पार्टीची नजर भिंतींवर अडकली होती. आताच्यांची थेट खिडकीकडे, मग ओट्याकडे. लोक नळ सोडून बघतात, फ्लश ओढून बघतात. एका आजोबांनी बेडरूमची भिंत बोटाच्या पेराने ठोकून ठोकून बघितली, कागद चष्मा लावून वाचला, आणि प्लंबरचा नंबर मागितला.

घासाघीस झालीच. पण यावेळी मुद्दा लिफ्ट नाही आणि पार्किंग नाही हा, आणि त्याचं उत्तर रंगात नाही. एकाने दीड लाख कमी म्हटलं. रंगाने आमचा भाव वाढवला असं मी म्हणणार नाही, जो सांगितला होता तोच आहे. तो पाडायला बोट ठेवायच्या जागा कमी झाल्या, इतकंच. ४२,८५०मधले सगळ्यात कामी आलेले पैसे त्या ६,८००चे.

३० मार्च, पाडवा

आजोबांच्या मुलाने टोकन दिलं. सांगितल्या भावापेक्षा साठ हजार कमी. दादा फोनवर म्हणाला, "बघ, रंगाचे पैसे गेलेच." मी जानेवारीतल्या तीन लाखांची त्याला आठवण करून दिली, तो म्हणाला तीन लाख ती पार्टी बोलली होती, ही नाही. त्यावर वाद घालून उपयोग नाही, तुलना करायला दुसरं घर नाही.

सूनबाईंनी जाताना विचारलं, बेडरूमला आम्ही आमच्या आवडीचा रंग लावला तर चालेल ना? त्यांना फिकट जांभळा हवाय. अर्थात चालेल.

५ एप्रिल

प्लॅस्टिक परत लावून बघितलं, आत कोरडं. काका गावाहून आले नव्हते, म्हणून तुकड्यावर मीच लांबीचे दोन हात, प्रायमर आणि इमल्शन मारलं. कडेला उंचवटा राहिलाय, तिरप्या उजेडात दिसतो. काका आले की घासून देतील. इमल्शन साडेतीन लिटर उरलंय. डबा घट्ट बंद करून, झाकणावर छटेचा नंबर आणि तारीख मार्करने लिहून ओट्याखाली ठेवला आहे. प्लंबरचं मूळ बिल, फोटो आणि गच्चीवरच्या कॉकवर रंगाने काढलेली खूण कुठली, हे खरेदीदाराच्या फाइलमध्ये.